ॲक्सोलॉटलची तुटलेली बोटे

प्रश्न (म्हापसा): ॲक्सोलॉटल या पाण्यात राहणाऱ्या उभयचर प्राण्याची चार इंची दोन पिल्ले एकाच टाकीत आहेत. मोठ्याने धाकट्याच्या पुढच्या पायाची बोटे तोडली. जखमेला हळद लावू की डेटॉल?

उत्तर: दोन्ही नको. त्याची कातडी पाण्यातले काहीही शोषून घेते. बोटे परत येतील. या वयात अख्खा पायसुद्धा उगवतो. खरा धोका आपल्याकडच्या गरम पाण्याचा. त्याला 16 ते 18 अंश मानवतात, चोविसाच्या वर तो खंगतो आणि जखमेवर बुरशी धरते.

आजच धाकट्याला आठेक लिटरच्या झाकणाच्या टबात वेगळे ठेवा, झाकणाला भोके पाडा. टबाला फिल्टर नसतो, घाणीतून अमोनिया साचतो आणि तो उघड्या जखमेला भाजतो. म्हणून पाणी रोज पूर्ण बदला. उद्याचे पाणी आजच क्लोरीन काढून तेवढेच गार करून ठेवा. थंडाव्यासाठी बर्फ थेट टाकू नका. पाण्याच्या दोन बाटल्या गोठवून आलटून पालटून सोडा, मात्र तापमान तासाला दोन अंशांहून जास्त उतरू नये. पंख्याचा उपाय कोरड्या हवेतला; आपल्या दमट हवेत, पावसाळ्यात तर त्याने जेमतेम फरक पडतो. कायमचे पाळायचे तर चिलर (पाणी गार ठेवणारे यंत्र) घ्यावाच लागतो.

तुटल्या जागी दोन-तीन दिवसांत गुळगुळीत फिकट टोक दिसले की समजा, भरतेय. कापसासारखा पांढरा पुंजका दिसला तर ती बुरशी. तेव्हाच मिठाचे स्नान द्या: लिटरमागे 10 ग्रॅम आयोडीनविरहित मीठ, दहा मिनिटे, दिवसातून एकदा. मिठागराचे मीठ चालेल, पण विरघळवून फडक्यातून गाळा, त्यात माती असते. जास्त वेळ ठेवलेत तर नाजूक कल्लेच पोळतील. पोटावर लाली चढली किंवा चार दिवस गांडूळ खाल्ले नाही, तर पशुवैद्य गाठा.

चावण्याचे कारण भूक. दोघे सारख्या आकाराचे होईपर्यंत एकत्र सोडू नका, पिल्लांना रोज खायला घाला.

प्रश्न (फोंडा): ॲक्सोलॉटलला विहिरीचे पाणी चालेल का?

उत्तर: आधी पीएच (पाण्याची आम्लता) मोजा. जांभ्या दगडातल्या विहिरींचे पाणी बहुधा आम्लधर्मी आणि मृदू (कमी क्षारांचे) असते, याला 7.4 च्या आसपासचे, थोडे जड पाणी लागते. पाणी तसे करायला तिसऱ्यांचे शिंपले उकळून, जाळीच्या पिशवीत बांधून फिल्टरमध्ये ठेवा. तळाशी मात्र मुळीच नको, तो गिळतो आणि आतडे तुंबते.