फिजीवर मराठी कादंबरी लिहायची असेल तर दैवतं, जमीन आणि गिरमिट यांची सांगड कशी घालावी?

प्रश्न असा आहे: ‘मला फिजीत घडणारी मराठी कादंबरी लिहायची आहे. बेटावरचं जगणं, तिथल्या दैवतकथा आणि इंग्रजी राजवटीचा वारसा, हे तिन्ही त्यात हवेत. सुरुवात कुठून करू आणि नवखे लेखक कुठे चुकतात?’

सुरुवात सालापासून आणि गावापासून करा, दैवतापासून नको. फिजीत दैवतकथा ही जवळजवळ सातबाऱ्यासारखी असते. कोणता मूळपुरुष कुठल्या डोंगरावरून उतरला आणि त्याने कुठे चूल मांडली, यावर कुळाचा मान ठरतो आणि जमिनीवरचा हक्कही. म्हणून दैवत, जमीन आणि इंग्रज हे तीन वेगळे विषय धरून तीन वेगळी प्रकरणं लिहिलीत, तर कादंबरी माहितीपत्रकासारखी होईल.

इतिहासातली एक साखळी पाठच करून ठेवा. १० ऑक्टोबर १८७४ रोजी थाकोंबाउ आणि इतर सरदारांनी फिजी ब्रिटनच्या स्वाधीन केलं. थाकोंबाउ सिडनीला जाऊन आला, तेव्हा परतीच्या जहाजातून गोवर आला. १८७५ मध्ये सुमारे ४०,००० माणसं त्यात दगावली. मूळ रहिवासी नाहीसे होतील या भीतीने गव्हर्नर गॉर्डनने त्यांच्या जमिनी विकण्यावर बंदी घातली आणि त्यांना मळ्यांवर मजुरीला नेण्यावरही आळा घातला. मग मळ्यांना मजूर कुठून आणायचे? हिंदुस्थानातून, ‘गिरमिट’ म्हणजे अ‍ॅग्रीमेंटवर, मुदतीच्या मजुरी-करारावर. १४ मे १८७९ रोजी ‘लिओनिडास’ जहाज कलकत्त्याहून लेवुकाला पोचलं. त्यावर कॉलरा आणि देवीची साथ होती. गोवराचा धसका ताजा असल्यामुळे सगळ्यांना आधी एका लहान बेटावर विलग ठेवलं. एका साथीमुळे दुसरा समाज त्या बेटांवर आला, ही गोष्ट मला तुमच्या कादंबरीच्या पायाशी ठेवण्याजोगी वाटते.

आता दैवतं. न्देंगेई हा सर्पदेव. त्याचं ठाणं वीती लेवू या मुख्य बेटाच्या उत्तरेला, रा प्रांतातल्या नाकाउवांद्रा डोंगरात. तो कूस बदलतो तेव्हा भूकंप होतो. त्याला रोज पहाटे जागं करणारं तुरुकावा नावाचं कबुतर होतं. जुळ्या भावांनी ते मारलं आणि त्यातून युद्ध झालं, पूर आला. दुसरा मोठा देव म्हणजे दाकुवांगा, शार्कच्या रूपातला. तो कांदावू बेटावर चालून गेला तेव्हा तिथल्या अष्टपादाने त्याला आवळून जेरीस आणलं आणि कांदावूच्या माणसांना तू कधी इजा करणार नाहीस, असं वचन घेऊन सोडलं. तिथले कोळी शार्कला भीत नाहीत, त्याचं कारण हे. प्रत्येक कथेचा पत्ता ठरलेला आहे, हे यावरून लक्षात येईल. कांदावूच्या कोळ्याला वादळात न्देंगेईचा धावा करायला लावलात, तर जाणकार वाचक तिथेच पुस्तक मिटेल. माउई किंवा हवाईची पेले यांना उचलून फिजीत आणणं तर साफ चूक. ‘पॅसिफिकची पुराणं’ असं एकत्र गाठोडं नाही. मेलानेशिया, मायक्रोनेशिया, पॉलिनेशिया ही विभागणीसुद्धा एका फ्रेंच दर्यावर्दीने १८३० च्या सुमारास केली.

सगळ्यात नाजूक जागा लुतुनासोंबासोंबाच्या कथेत आहे. हा मूळपुरुष ‘काउनितोनी’ नावाच्या होडीतून आला, वुंदा इथे उतरला आणि त्याची पूर्वभूमी आफ्रिकेतली टांगानिका होती, असं आज फिजीत कोणीही सांगेल. मात्र हा आफ्रिकेचा धागा मिशनरी शाळांच्या काळातला आहे. १८९२ मध्ये ‘ना माता’ या फिजियन भाषेतल्या वृत्तपत्राने स्थलांतराच्या कथेसाठी स्पर्धा घेतली आणि तिथून एक ठोक रूप सर्वत्र पसरलं. पुरातत्त्वाचा पुरावा वेगळा आहे: लापिता पद्धतीची नक्षीदार मडकी करणारे दर्यावर्दी सुमारे ३,००० वर्षांपूर्वी पश्चिमेकडच्या बेटांवरून इथे आले. म्हणून तुमचं कथानक १८५० चं असेल, तर म्हाताऱ्याच्या तोंडी टांगानिका घालू नका. १९५० चं असेल तर जरूर घाला, आणि तो ते मनापासून खरं मानतो असंच लिहा. त्याच्या श्रद्धेची टिंगल करण्याचा लेखकाला काही अधिकार नाही.

जमिनीच्या बाबतीत तीन पायऱ्या नीट समजून घ्या: यावुसा (एका मूळपुरुषाचे वंशज), त्याखाली मतांगाली (त्यातली शाखा), त्याखाली तोकातोका (जवळच्या नात्यातली घरं). प्रत्यक्षात या गोष्टी गावागणिक लवचीक होत्या. इंग्रजांच्या जमीन आयोगाने मतांगाली हाच मालकीचा घटक धरला आणि ते कागदावर गोठवलं. आयोगापुढे कुळातल्या जाणत्यांनी शपथेवर आपला इतिहास सांगितला. ‘तुकुतुकु रारांबा’ म्हणून ती दप्तरं आजही आहेत. कुळातल्या व्यक्तींची नोंद ‘वोला नी कावा बुला’ या वहीत होते, आणि त्या वहीत नाव नसेल तर जमिनीत वाटा नाही. मला विचाराल तर कादंबरीचा गाभा इथेच आहे. आजोबाने आयोगापुढे कथा सांगताना एक पूर्वज वगळला, तो का वगळला, आणि त्या पूर्वजाच्या वंशजांचं पुढे काय झालं? यात दैवत, जमीन आणि साहेब एकाच खोलीत बसलेले आहेत.

गिरमिटियांचा भाग लिहिताना मोजमापं अचूक ठेवा. करार ५ वर्षांचा, फुकट परतीचं तिकीट १० वर्षांनी. मजुरी पुरुषाला कामाच्या एका नेमून दिलेल्या वाट्यामागे १ शिलिंग, बाईला ९ पेनी. वाटा पुरा झाला नाही तर पैसे कापले जात, त्यामुळे कागदावरची मजुरी क्वचितच पूर्ण हाती येई. राहायला ‘लैन’ म्हणजे बराकींची रांग, त्यात १० फूट बाय ७ फुटांची खोली. एका खोलीत तीन एकटे पुरुष किंवा नवरा-बायको आणि मुलं. भरतीत १०० पुरुषांमागे ४० बायका असा नियम होता, आणि लैनीतल्या बऱ्याच खुनांच्या आणि आत्महत्यांच्या मुळाशी हे व्यस्त प्रमाण होतं. गोऱ्या ओव्हरसीयरला ‘कुलंबर’ म्हणत, त्याच्या हाताखालच्या मुकादमाला ‘सरदार’, आणि एका जहाजातून आलेले ते ‘जहाजीभाई’. भरती १९१६ मध्ये थांबली, उरलेले करार १ जानेवारी १९२० ला रद्द झाले. तोवर ६०,००० हून अधिक माणसं आली होती, ती मुख्यतः आजच्या उत्तर प्रदेश-बिहारमधली आणि १९०३ पासून मद्रासकडची. त्यामुळे नायकाचं घराणं रत्नागिरीचं दाखवायचं असेल तर तो कलकत्त्याच्या डेपोत कसा पोचला, हे आधी पटवून द्यावं लागेल. त्यांची बोली भोजपुरी-अवधी वळणाची. सिनेमातली हिंदी तिथे चालणार नाही.

अग्नीवरून चालण्याच्या दोन प्रथा एकाच देशात आहेत. बेंगा बेटावरचे सावाउ लोक तापलेल्या दगडांवरून चालतात. ही शक्ती एका आत्म्याने त्यांच्या पूर्वजाला दिली. बाम मासा पकडताना तो आत्मा त्याच्या हाती लागला होता आणि सुटकेच्या बदल्यात त्याने हे दान दिलं. मद्रासकडून आलेल्यांचे वंशज मारियम्मनच्या उत्सवात निखाऱ्यांवरून चालतात. दगड एकीकडे, निखारे दुसरीकडे. यांची सरमिसळ करू नका, पण एक पात्र दुसऱ्याचा विधी पाहायला गेलं, तर त्या प्रकरणाला बळ येईल.

यांगोना म्हणजे मुळांच्या पुडीपासून केलेलं पेय, कावा. त्याचे प्रसंग बहुतेक जण दारूच्या प्रसंगासारखे लिहितात. यांगोनाने ओठ-जीभ बधिर होतात, अंग सैल पडतं, आवाज खाली येतो. हाणामारी होत नाही. पाहुणा वाळलेल्या मुळांची जुडी, साधारण अर्धा किलो, घेऊन येतो आणि गावच्या प्रमुखापुढे ठेवतो. हा सेवुसेवु. पूड कापडात घालून तानोआत, म्हणजे लाकडी भांड्यात, पाण्याने पिळतात. तानोआला कवड्या लावलेली दोरी असेल तर ती सरदाराच्या दिशेने ठेवतात. करवंटीचा बिलो हातात घेण्याआधी एकदा टाळी, एका दमात रिकामा, मग तीन टाळ्या. घरात टोपी नाही, कुणाच्या डोक्याला हात नाही, बसलेल्यांमधून जाताना वाकून ‘तुलोउ’ (माफ करा) म्हणायचं. सख्ख्या बहीण-भावांत बोलण्याचा संकोच पाळतात. आते-मामे भावंडांत उलट मोकळी थट्टा. तुमचे बहीण-भाऊ मराठी घरातल्यासारखे भांडले तर ते फिजीचे वाटणार नाहीत.

थाकोंबाउ १८५४ मध्ये ख्रिस्ती झाला. आज बहुतेक मूळ फिजियन ख्रिस्ती आहेत, त्यात मेथडिस्ट सर्वांत जास्त. रविवारी सुलू नेसून चर्चला जाणारा माणूस सोमवारी शार्कसाठी समुद्रात यांगोना ओततो. याला ढोंग म्हणू नका.

नावं देवनागरीत लिहिताना: फिजियन लिपी १८३० च्या दशकात मिशनऱ्यांनी बसवली आणि ‘बी’, ‘डी’, ‘क्यू’ या अक्षरांआधी अनुनासिक उच्चार गृहीत धरला. ‘सी’चा उच्चार मऊ ‘थ’सारखा. म्हणून नाडी नव्हे नांदी, लाबासा नव्हे लांबासा, काकोबाऊ नव्हे थाकोंबाउ. शब्दाच्या आरंभी हे जड जातं, तिथे सुटसुटीत रूप घ्या, पण शेवटपर्यंत तेच ठेवा.

काळ आजच्या जवळचा हवा असेल तर भाडेपट्ट्यांचा विषय घ्या. ८० टक्क्यांहून अधिक जमीन मूळ फिजियन मतांगालींच्या मालकीची. १९७६ च्या कायद्याने शेतीचे पट्टे किमान ३० वर्षांचे झाले, भाडं जमिनीच्या, तिच्यावरच्या सुधारणा न धरता ठरवलेल्या किमतीच्या जास्तीत जास्त ६ टक्के. १९९७ पासून ते संपू लागले आणि ऊस लावणारी अनेक भारतीय कुटुंबं जागा सोडून गेली. मतांगालीला स्वतःच्या जमिनीचं फार थोडं भाडं मिळत होतं, आणि शेतकऱ्याच्या तीन पिढ्या त्या मातीत राबल्या होत्या. दोघांचंही म्हणणं पूर्ण ताकदीने मांडा. एकाला खलनायक केलंत की कादंबरी संपली.

गाव काल्पनिक ठेवा, प्रांत आणि डोंगर खरे ठेवा. खऱ्या गावाच्या कुळाला बनावट पूर्वज चिकटवला, तर तिथे तो जमिनीचा दावा ठरू शकतो. ऋतू तपासा: ऊसतोड साधारण जून ते नोव्हेंबर, चक्रीवादळं नोव्हेंबर ते एप्रिल. बालोलो हे सागरी किडे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, चंद्राच्या शेवटच्या चतुर्थांशाच्या आसपास पहाटे वर येतात. ती पहाट पौर्णिमेच्या चांदण्यात रंगवायचा मोह टाळा.