पेंटेकॉस्टल चळवळ अमेरिकेतून आली म्हणणाऱ्यांनी आधी केडगावला जाऊन यावं

प्रश्न असा आहे : "पेंटेकॉस्टल किंवा करिश्मॅटिक चर्चची चळवळ नेमकी कुठे सुरू झाली आणि भारतात एवढी कशी पसरली? हे सगळं अमेरिकेतून आलं आणि तिथल्याच पैशावर वाढलं, हे खरं आहे का?"

नाही. निदान तुम्ही विचारलंय तसं तर मुळीच नाही. पेंटेकॉस्टल म्हणजे पवित्र आत्म्याने भरून जाण्यावर ('आत्म्याचा बाप्तिस्मा') आणि 'अन्य भाषां'त, म्हणजे न शिकलेल्या भाषेत, प्रार्थना करण्यावर भर देणाऱ्या मंडळ्या.

चळवळीचं उगमस्थान म्हणून जे सांगतात, त्या लॉस एंजेलिसमधल्या ३१२ अझुसा स्ट्रीट इथे उपदेशक विल्यम सेमूर यांच्या सभा सुरू झाल्या एप्रिल १९०६ मध्ये. केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती सदनात, म्हणजेच मुक्ती मिशनमध्ये, मुली पवित्र आत्म्याने भरून रडायला, पापं कबूल करायला लागल्या, ती रात्र होती २९ जून १९०५ ची. म्हणजे नऊ-दहा महिने आधीची. हे केडगाव दौंड तालुक्यातलं, पुणे-सोलापूर रेल्वेवरचं. नगरजवळचं केडगाव वेगळं. हे सांगावं लागतं, कारण मी ख्रिस्ती माणसांनाही नगरच्या केडगावात मुक्ती मिशन शोधताना पाहिलंय.

माझी पणजी त्या मुलींमध्ये होती. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, टाकून दिलेल्या मुलींना घेऊन आल्या, त्यांतली एक. तिला तिचं गाव धड सांगता येत नव्हतं. पुढे १९०० च्या दुष्काळात गुजरातेतूनही मुली आल्या आणि त्या माळरानावर २,००० च्या आसपास जीव राहू लागले. ज्या मुलीला आपलं आडनाव ठाऊक नव्हतं, तिला तिथे अक्षर मिळालं, मागावर बसायला मिळालं, शेत मिळालं. आमच्या घराण्याचा वृक्ष तिथून सुरू होतो, त्याच्या वर काही नाही. म्हणून हा प्रश्न वाचून गप्प बसवत नाही.

तिथे काय घडलं ते थोडं सविस्तर सांगते, कारण मराठीत हे कुणी फारसं सांगत नाही. रमाबाईंनी उपदेशक टोरी यांच्या ऑस्ट्रेलियातल्या सभांबद्दल ऐकलं आणि १९०३ मध्ये मुलगी मनोरमा आणि सहकारी मिनी अब्राम्स यांना तिकडे पाठवलं. मग वेल्समधल्या उज्जीवनाच्या, म्हणजे मंडळ्यांत विश्वास नव्याने पेटल्याच्या, बातम्या आल्या. जानेवारी १९०५ मध्ये रमाबाईंनी मुलींना रोज प्रार्थनेला जमायला सांगितलं. सुरुवातीला ७० च्या आसपास मुली होत्या, जूनपर्यंत ५५० झाल्या, दिवसातून दोनदा. २९ जूनला पहाटे साडेतीनला एका मुलीवर आत्मा आला. शेजारच्या मुलीला ती खरोखरच पेटलेली दिसली, म्हणून ती पाण्याची बादली आणायला धावली आणि ओतणार एवढ्यात तिच्या लक्षात आलं की आग नाही. हे अब्राम्सबाईंनी स्वतः लिहून ठेवलंय. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रमाबाई योहानाच्या आठव्या अध्यायावर नेहमीच्या शांतपणे बोलत होत्या, आणि मुली एकदम मोठ्याने प्रार्थना करू लागल्या. इतक्या मोठ्याने, की संस्कृतात भल्याभल्या शास्त्र्यांसमोर बोलून 'पंडिता' ही पदवी मिळवलेल्या बाईंना आपलं बोलणं थांबवावं लागलं. त्यांनी ते थांबवलं, आणि मुलींना गप्प केलं नाही. माझ्या मते चळवळीची सुरुवात हीच. अधिकार असलेल्या बाईने दुष्काळातून आलेल्या मुलींचा आवाज आपल्या उपदेशापेक्षा मोठा होऊ दिला.

पुढे या मुलींचे गट करून त्या बाहेरगावी प्रार्थनेला, साक्ष द्यायला जाऊ लागल्या. पणजी पुण्याला गेली होती, एवढं आजी सांगायची. तिच्या आईला तिथे लोकांनी हसून घेतलं आणि नंतर तेच लोक गुडघ्यावर आले, हे सांगताना आजीचा आवाज बदलायचा.

आता दुखरी जागा. माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, आमचे दाजी, जुन्या मिशनच्या मंडळीतून बाहेर पडून एका नव्या फेलोशिपमध्ये गेले. त्यात गैर काही नाही. आमच्या मंडळीत तेव्हा उपासना म्हणजे 'उपासना संगीता'तली तीन गीतं, पाळकसाहेबांचा कागदावरून वाचलेला उपदेश आणि नंतर कमिटीच्या निवडणुकीची भांडणं. तरुण माणूस तिथे टिकणार कसा? पण दाजी गेले ते आम्हा सगळ्यांना मृत ठरवून. "तुमच्याकडे आत्मा नाही, विधी आहेत," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आमच्या पप्पांचंही ठरलेलं उत्तर असायचं : "हे अमेरिकेचं खूळ आहे, आपल्या मराठी मंडळीत हा गोंधळ नव्हता." दोघं एकमेकांवर ओरडायचे आणि दोघंही केडगाव विसरलेले असायचे. पप्पांच्या तर स्वतःच्या सासुरवाडीचा तो इतिहास.

मग ताईच्या घरी एक घरसभा होती. आई तेव्हा आजारी होती, गुडघ्यांनी आणि मनानेही खचलेली. ताईने हट्टाने बोलावलं, म्हणून मी तिला घेऊन गेले. गाणी सुंदर झाली, मी तर रडलेच. ढोलकी होती, टाळ्या होत्या, आईनेही हात वर केले. प्रार्थनेच्या वेळी पास्टरांनी एकेकाच्या डोक्यावर हात ठेवला. आईपाशी आले, म्हणाले, "बोला, आई, आत्मा देईल तसं बोला." आई मराठीतच प्रार्थना करत राहिली, तिच्या नेहमीच्या शब्दांत, 'हे दयाळू बापा'पासून. त्यांनी पुन्हा सांगितलं. पुन्हा तेच. शेवटी सगळ्यांसमोर ते म्हणाले, "भगिनीला अजून आत्म्याचा बाप्तिस्मा झालेला नाही, हिच्यासाठी उपवास करा." आई सत्तरीच्या उंबरठ्यावर होती. तिने आयुष्यभर आमच्या वस्तीतल्या आजाऱ्यांपाशी जाऊन प्रार्थना केली होती. परतीच्या वाटेवर तिने मला एकच विचारलं, "माझं इतक्या वर्षांचं कुणी ऐकलंच नाही का गं?"

मी दाजींना त्याच आठवड्यात गाठलं. म्हटलं, जिच्या आजीने केडगावात आग पाहिली, तिला तुमचे पास्टर आत्मा नाही म्हणतात? दाजी म्हणाले, "ते केडगावचं अझुसाच्या आधीचं. तिथे अन्य भाषा कुठे होत्या? ते उज्जीवन होतं, पेंटेकॉस्ट नव्हे." हा वाद आमच्यात कित्येक वर्षं चालला. लग्नात, मयतीत, नाताळच्या जेवणावर. इथे त्याचं माझं उत्तर लिहून ठेवते.

पहिलं, केडगावात अन्य भाषांतली प्रार्थना १९०६ मध्ये ऐकू येत होती, अझुसाहून निघालेलं कुणी भारतात पोचण्याआधी. तिथून आलेलं गार दांपत्य कलकत्त्यात उतरलं ते १९०७ उजाडताना. दुसरं, अन्य भाषा हीच आत्म्याच्या बाप्तिस्म्याची एकमेव खूण, हा सिद्धान्त चार्ल्स पारहॅम यांचा. कॅन्सस राज्यातल्या टोपीका इथे १ जानेवारी १९०१ ला त्यांच्या शाळेतली विद्यार्थिनी ॲग्नेस ओझमन अन्य भाषेत बोलली, त्यावर तो उभा आहे. रमाबाईंनी तो कधीच स्वीकारला नाही. त्यांच्या मुली अन्य भाषांत बोलत होत्या आणि त्यांनी अडवलं नाही, दान म्हणून मानही दिला. पण ज्याला हे दान नाही त्याला आत्मा नाही, हे त्यांना मान्य नव्हतं, आणि १९०७ मध्ये 'मुक्ती प्रेअर बेल' या आपल्या पत्रकात त्यांनी तसं लिहिलं. अब्राम्सबाई स्वतः अन्य भाषांत बोलत, तरी त्यांचंही मत असंच होतं. तिसरं, ज्यांच्या नावावर दाजी हे सगळं करतात, त्या सेमूर यांनीही १९१५ मध्ये आपल्या मंडळीसाठी काढलेल्या नियमांच्या पुस्तकात भाषा ही एकमेव खूण मानायला नकार दिला. आणि पौलाने करिंथकरांच्या पहिल्या पत्राच्या बाराव्या अध्यायात सगळेच अन्य भाषा बोलतात काय असं विचारलंय, त्याचं उत्तर 'नाही' असंच अपेक्षित आहे. कुठल्याही मराठी बायबलात उघडून बघा. रमाबाईंच्याच बायबलात बघायचं असेल तर त्यांनी मूळ भाषांवरून स्वतः केलेलं भाषांतरही आहे, त्यांच्या निधनानंतर १९२४ मध्ये छापलेलं.

केडगावची ठिणगी कुठवर गेली तेही ऐका. अब्राम्सबाईंनी १९०६ मध्ये या घडामोडींवर एक पुस्तिका लिहिली आणि एक प्रत चिलीतल्या वाल्पाराइसो इथे आपल्या जुन्या वर्गमैत्रिणीला पाठवली. मैत्रीण म्हणजे मेथडिस्ट मिशनरी विलिस हूवर यांची पत्नी. ते वाचून त्यांच्या मंडळीत प्रार्थना सुरू झाल्या, १९०९ मध्ये उज्जीवन झालं, मेथडिस्टांनी त्यांना सामावून घेतलं नाही आणि चिलीची पेंटेकॉस्टल मंडळी उभी राहिली. आज तो त्या देशातला फार मोठा प्रवाह आहे. म्हणजे पुणे जिल्ह्यातून दक्षिण अमेरिकेत, लॉस एंजेलिसला वळसा घालून.

हे आपल्याला माहीत नसतं याला दोन्हीकडची माणसं जबाबदार आहेत. महाराष्ट्राने रमाबाई अर्ध्याच ठेवल्या : शारदा सदन, विधवांचं शिक्षण, आणि पुढचं धर्मांतर म्हणून गाळलं. पाठ्यपुस्तकात १९०५ नाही. आणि नव्या चर्चांनी बाहेरून आलेल्या अभ्यासक्रमातला इतिहास जसाच्या तसा शिकवला, त्यात साडी नेसलेली बाई बसत नव्हती.

पैशाबद्दल विचारलंय. येत होता, लपवायचं कशाला. १८८७ मध्ये बॉस्टनला रमाबाईंसाठी असोसिएशन स्थापन झालं, त्यावर शारदा सदन उभं राहिलं. दुष्काळातल्या मुलींना परदेशी देणग्यांशिवाय जगवताच आलं नसतं, आणि त्या वेळी पुण्यातून किती हात पुढे आले ते सगळ्यांना माहीत आहे. पण साडेतीनला उठून रडायला कुणाला पैसे दिले जात नाहीत. केरळात के. ई. अब्राहम यांनी तर १९३० च्या सुमारास अमेरिकन मिशनरी रॉबर्ट कुक यांच्यापासून फारकत घेतली ती मंडळ्या स्वतःच्या पायावर चालाव्यात म्हणूनच, आणि इंडिया पेंटेकॉस्टल चर्च ऑफ गॉड वाढलं ते त्यानंतर. वाढीची खरी कारणं मला साधी दिसतात. सेमिनरीची पदवी नसलेला रिक्षावाला सभा चालवू शकतो. घरातल्या हॉलमध्ये मंडळी भरते. आजारी माणसाला 'परमेश्वराची इच्छा' म्हणून वाटेला न लावता त्याच्यासाठी रात्रभर जागतात. बायकांना बोलायला मिळतं. जुन्या मंडळ्यांनी यातलं एकही केलं नाही, आणि आता रिकाम्या बाकांकडे बघून अमेरिकेला बोल लावतात. पप्पांनाही मी हेच सांगायचे.

काही गोष्टी राहिल्या. अझुसा लहान करायचा माझा हेतू नाही. सेमूर हे गुलामीतून सुटलेल्या आईबापांचे पुत्र. पारहॅम यांच्या ह्यूस्टनमधल्या वर्गात वर्णभेदामुळे त्यांना दाराबाहेर बसून ऐकावं लागलं, आणि त्यांनी चालवलेल्या सभेत काळे-गोरे एकत्र गुडघे टेकत होते. जगभर मिशनरी आणि वर्तमानपत्र पाठवून चळवळीला वेग दिला तो त्यांच्याच लोकांनी. केडगावही भारतात पहिलं नव्हे. तिरुनेलवेलीकडे १८६० मध्ये अरुलप्पन यांच्या मंडळीत अन्य भाषा आणि भविष्यवाणी झाल्याच्या नोंदी आहेत. १९०५ मध्येच खासी टेकड्यांतही उज्जीवन होतं, वेल्श मिशनच्या मंडळ्यांत. 'करिश्मॅटिक' म्हणून ओळखली जाणारी लाट, म्हणजे जुन्याच चर्चांत राहून असा अनुभव घेणाऱ्यांची, तर वेगळी धरतात : १९६० मध्ये कॅलिफोर्नियात डेनिस बेनेट या एपिस्कोपल पाळकांपासून, आणि कॅथलिकांत १९६७ मध्ये पिट्सबर्गच्या विद्यार्थ्यांपासून. त्या अर्थाने विचारत असाल तर सुरुवात अमेरिकेत झाली, हे मी मान्य करते. आणि सगळे पास्टर त्या पास्टरांसारखे नसतात. ताईच्या शेजारच्याच फेलोशिपमध्ये आईसाठी शेवटपर्यंत येऊन प्रार्थना करणाऱ्या दोन भगिनी होत्या, आणि त्यांनी तिला कधी काही बोलून दाखवायला सांगितलं नाही.

तुम्ही स्वतः अशा एखाद्या मंडळीत जायच्या विचारात असाल, तर पैसा कुठून येतो हे जरूर विचारा, हिशोब छापतात का ते बघा. पण त्याआधी हे विचारा की अन्य भाषेत न बोलणाऱ्या म्हातारीला इथे काय म्हणतात. उत्तर देताना अडखळले तर दुसरी मंडळी शोधा, पुष्कळ आहेत. आणि दाजी, तुम्ही हे वाचत असाल तर 'प्रेअर बेल'चं कात्रण ताईकडे दिलंय. तुमच्या पास्टरांना वाचून दाखवा, सभेत, सगळ्यांसमोर, आईला जसं सांगितलं होतं तसं.