लेब्रॉनने शेवटच्या क्षणी डॅनी ग्रीनला पास दिला, ते चुकलं का?

अमेरिकेतल्या NBA या बास्केटबॉल लीगच्या 2020 च्या फायनलची पाचवी मॅच, लेब्रॉन जेम्सची टीम लेकर्स 109-108 अशी एका पॉइंटने मागे, लेब्रॉन आत घुसला आणि स्वतः न मारता बाहेर टीममधल्या ग्रीनला बॉल दिला. बरोबर केलं. समोरच्या मायामी टीमचे सगळे लेब्रॉनवर धावले होते, ग्रीन मोकळा होता. 40 पॉइंट केलेल्या माणसाला 'घाबरला' म्हणणाऱ्यांनी आधी कोर्टवर उतरून बघावं. ग्रीनचा थ्री, म्हणजे लांबून मारलेला तीन पॉइंटचा शॉट, आखूड पडला. रिबाउंड, म्हणजे चुकून परत आलेला बॉल, लेकर्सच्याच मॉरिसला मिळाला होता आणि त्याने बॉल फुकट घालवला, हे मात्र कुणी काढत नाही. धमक्या आल्या त्या ग्रीनला.

मी हे उत्तर लिहितोय कारण आमच्या घरातला ग्रीन मी आहे.

1996, नागपूर, कॉलेजांची फायनल. सिमेंटचं कोर्ट, रिंगला जाळी नाही. आम्ही एकाने मागे, अकरा सेकंद बाकी. कॅप्टन माझा आतेभाऊ. टाइमआउटमध्ये म्हणाला, "बॉल मला द्या आणि बाजूला व्हा." आम्ही झालो. दादा आत शिरला, तिघांनी घेरला, हवेत उडाल्यावर त्याला कळलं की मारायला जागाच नाही. तेव्हा मी आठवलो. बॉल आला तो थेट गुडघ्यावर. मी वाकून उचलला, उभा राहिलो, तोवर समोर हात आला होता. रिंगच्या पुढच्या कडेला लागला तो आवाज अजून कानात आहे.

तेव्हापासून प्रत्येक लग्नात दादाचं एकच वाक्य: "मी स्वतः मारला असता तर!"

पुढच्याच वर्षी NBA फायनलमध्ये शिकागोच्या मायकल जॉर्डनने युटाविरुद्ध सहाव्या मॅचला टीममधल्या स्टीव्ह केरला पास दिला. स्कोअर 86-86. केरने मारला, शिकागो चॅम्पियन. लोकांना तो पास दिसतो, त्याआधीचा टाइमआउट दिसत नाही. 'युटाचा स्टॉकटन मला सोडून तुझ्यावर येईल तेव्हा मी तयार असेन,' असं केरचं जॉर्डनशी आधीच ठरलं होतं. केरचे पाय आधीच जागेवर होते. दादा, फरक इथे आहे. आधी 'बाजूला व्हा' सांगून मग अडकल्यावर टाकला तो पास नव्हे, गळ्यात मारलेली घोरपड आहे.

तुम्ही खेळत असाल तर पास द्या, पण हवेत उडायच्या आधी द्या. आणि छातीशी द्या.

आता हेही सांगतो की ग्रीनच्या हातात बॉल नीट आला होता, तरी गेलाच नाही. मोकळा शॉटही चुकतो. आणि गुडघ्यावरून उचललेले बॉल मी प्रॅक्टिसमध्ये बरेचदा रिंगमध्ये टाकलेत, हे दादाला ठाऊक आहे. म्हणूनच तो गप्प बसत नाही. पुढच्या महिन्यात त्याच्या मुलीचा साखरपुडा आहे.