मनोरुग्णालयात गरीब आणि अल्पसंख्याक समाजातलेच रुग्ण जास्त का दिसतात? गरिबीमुळे आजार होतो की आजारामुळे गरिबी येते?

मी वॉर्डात सोशल वर्कर म्हणून काम केलंय. भरतीच्या फॉर्मवर 'कोणी आणले' असा एक रकाना असतो. खात्यापित्या घरातल्या माणसासमोर तिथे बायको, भाऊ, नाहीतर फॅमिली डॉक्टर. फाटक्या माणसासमोर बहुतेकदा पोलीस. हॉलिंग्सहेड आणि रेडलिक या संशोधकांना १९५० च्या सुमारास अमेरिकेतल्या न्यू हेवनमध्ये हेच दिसलं होतं. उपचारांतही तोच भेद: वरच्या वर्गाशी डॉक्टर बोलत बसायचे, खालच्यांना शॉक, नाहीतर नुसतंच ठेवून घ्यायचं. त्यामुळे वॉर्डातली डोकी मोजून आजार कोणाला जास्त होतो ते कळत नाही. कोण कुठल्या दाराने आत आला, तेवढंच कळतं.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आजारागणिक बदलतं. स्किझोफ्रेनियात (नसलेले आवाज ऐकू येणं, भ्रम होणं असा गंभीर मनोविकार) माणूस बऱ्याचदा आजारामुळे घसरत जातो. शिक्षण सुटतं, नोकरी जाते. बायकांमधलं नैराश्य आणि पुरुषांची व्यसनं यांत मात्र परिस्थितीचाच हात मोठा. डोरेनवेंड या संशोधकांच्या १९९२ च्या इस्रायलमधल्या अभ्यासातही साधारण असंच निघालं.

वंशाचं प्रकरण जास्त गुंतागुंतीचं आहे. इंग्लंडमध्ये कॅरिबियन वंशाच्या लोकांत स्किझोफ्रेनियाचं निदान कितीतरी पट जास्त होतं, पण खुद्द जमैका किंवा त्रिनिदादमध्ये ते प्रमाण तसं नाही. म्हणजे 'त्यांच्या रक्तातच आहे' हे म्हणणं टिकत नाही. (हे वाक्य मी शिकल्यासवरल्या लोकांच्या तोंडून ऐकलंय.) उरतं ते परकेपण, रोजचा दुजाभाव, आणि काही प्रमाणात निदान करणाऱ्याची नजर. कृष्णवर्णीयांना तिथे कायद्याने सक्तीने दाखल करण्याचं प्रमाणही गोऱ्यांच्या तीन-चार पट आहे.

नजरेचं म्हणाल तर एका स्थलांतरित बाईंच्या केसपेपरवर 'कानात आवाज येतात' असं लिहिलं होतं. दुभाषी कोण, तर त्यांचा शाळकरी मुलगा. पुढे त्यांची भाषा येणारी एक नर्स भेटली. बाई सांगत होत्या, की नुकतीच वारलेली आई पहाटे हाक मारते असा भास होतो. निदान बदलून नैराश्य झालं, गोळ्या बदलल्या, बाई जेवायला लागल्या. डिस्चार्ज मात्र तीन आठवडे अडला, कारण तोवर घरमालकाने खोली दुसऱ्याला देऊन टाकली होती.