पोलो जीटी घाटासाठी 40 मिमी खाली करावी का? स्प्रिंग टाकू की कॉइलओव्हर?

तुमची 2015 ची फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय आहे, महिन्यातून दोनदा कोल्हापूरहून कोकणात उतरता आणि वळणात गाडी झुकते म्हणून 40 मिमी खाली करायची म्हणता, नुसत्या आखूड स्प्रिंगने किंवा कॉइलओव्हरने, म्हणजे उंची बदलता येणाऱ्या स्प्रिंग-शॉकअपच्या जोडाने. नका करू. शोसाठी करायची असेल तर तुमची मर्जी, पण हँडलिंगसाठी म्हणून करत असाल तर मुळीच नको. हे मी ऐकीव सांगत नाही. माझी 2014 ची होती, तेच 1.2 इंजिन, 105 पीएस, तोच डीएसजी ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, आणि तोच हट्ट.

मला पटवलं माझ्या मावसभावाने. 2010 ला भारतात पोलो कप ही फक्त पोलो गाड्यांची रेस सुरू झाली, त्या गाड्यांचे फोटो त्याच्या मोबाइलमध्ये भरलेले असायचे. टायर आणि मडगार्डमध्ये बोटही जाणार नाही इतक्या बसवलेल्या गाड्या. "रेसवाले काय वेडे आहेत का भावा? गाडी जेवढी खाली तेवढी ग्रिप." गाडी खाली करायच्या तयार स्प्रिंगचा सेट तेव्हा मला परवडत नव्हता, म्हणून त्याच्या ओळखीच्या गॅरेजमध्ये चारही स्प्रिंगची दीड-दीड कॉइल कापून घेतली. एका दुपारचं काम. गाडी देखणी दिसायला लागली हे आजही मान्य करतो. हायवेवर लेन बदलताना ती चटकन वळायची, मी आठवडाभर खुशीत होतो.

पहिली शंका आली ती पंक्चर काढताना. पोलोला मागे स्प्रिंग आणि शॉकअप वेगवेगळे बसतात. जॅक लावला, मागचं चाक लोंबलं आणि कापलेली स्प्रिंग जागेवर सैल होऊन हाताने गोल फिरायला लागली. भाऊ म्हणाला, खाली उतरवली की बसते परत. मीही सोडून दिलं. तिथेच थांबायला हवं होतं.

नोव्हेंबरमध्ये आम्ही दोघं गगनबावड्याहून करूळ घाट उतरत होतो. कोरडा रस्ता, सकाळचे आठ, वेग पन्नासच्या आत. एका उजव्या वळणाच्या मधोमध डांबराचा जुना पॅच खचून बशीसारखा खड्डा झाला होता. मूळ गाडीत असा खड्डा नुसता पोटात जाणवतो. इथे डावीकडच्या पुढच्या चाकाखालून 'ठक्क' असा हातोडा मारल्यासारखा आवाज आला आणि गाडीचं तोंड एका झटक्यात दीड-दोन फूट दरीकडे सरकलं. स्टिअरिंग हातात तसंच वळलेलं, गाडी मात्र सरळ. पुढच्या क्षणी टायरने परत पकड घेतली म्हणून कठडा राहिला आणि आम्हीही. पायथ्याशी गाडी उभी केली तेव्हा माझे हात थरथरत होते.

भावाचं पहिलं वाक्य काय? "मध्येच ब्रेक दाबलास, तुला चालवता आली नाही." मी ब्रेकला पाय लावला नव्हता. तेव्हापासून घरातल्या प्रत्येक लग्नकार्यात तो हेच सांगत आलाय, आणि ऐकणारेही मान डोलावतात.

म्हणून मी मोजलं. पुढच्या शॉकअपचं धुळीचं रबर वर सरकवून दांड्यावर एक केबल टाय घट्ट बांधला. शॉकअप दबला की त्याची नळी टायला वर ढकलते आणि टाय तिथेच राहतो, म्हणजे सस्पेन्शन जास्तीत जास्त किती दबलं ते कळतं. कापलेल्या स्प्रिंगवर, दोन माणसं बसवून गाडी उभी असताना, नळी आणि वरचा बंप स्टॉप (सस्पेन्शन पूर्ण दबलं की आडवा येणारा ठोकळा) यांच्यात फक्त 12 मिमी जागा होती. गावातल्या साध्या रस्त्यावर चार किलोमीटर फिरून आलो तर टाय बंप स्टॉपला चिकटून चेपला होता. नंतर जुन्या बाजारातून मूळ स्प्रिंगचा सेट आणून बसवला. तीच माणसं, तीच जागा, आणि आता 50 मिमी.

करूळमध्ये काय झालं ते या दोन आकड्यांत आहे. वळणात सगळा भार बाहेरच्या चाकावर येतो, स्प्रिंग आधीच दबलेली असते. मग खड्डा आला की दबायला जागाच उरत नाही, बंप स्टॉप लागतो, आणि त्या क्षणी तुमच्या गाडीला स्प्रिंग नसते, ठोकळा असतो. चाक रस्ता सोडतं. ब्रेकचा संबंधच नाही.

आता गुरुत्वमध्याचं. हॅचबॅकचा गुरुत्वमध्य जमिनीपासून साधारण 55 सेंटीमीटरवर धरा. 40 मिमी खाली आणलात तर वळणात आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर होणारी भाराची अदलाबदल सात टक्क्यांच्या आसपास कमी होते. फायदा खरा आहे, पण तेवढाच. त्याच्या बदल्यात पुढच्या मॅकफर्सन सस्पेन्शनची भूमिती बिघडते. लोअर आर्म, म्हणजे चाकाला खालून धरणारा दांडा, चाकाकडे जरा उतरता असायला हवा, तो आडवा होतो किंवा उलटा चढतो. मग रोल सेंटर, म्हणजे गाडी ज्या बिंदूभोवती झुकते तो, गुरुत्वमध्यापेक्षा जास्त खाली जातो, दोघांमधलं अंतर वाढतं, आणि स्प्रिंग तेवढीच कडक असेल तर गाडी उलट जास्त झुकायला बघते. ज्या झुकण्यासाठी तुम्ही पैसे घालणार तेच. स्टिअरिंगचं वळण चाकापर्यंत नेणाऱ्या टायरॉडचा कोनही बदलतो, खड्ड्यात स्टिअरिंग आपोआप ओढलं जातं. अलाइनमेंट न करता फिरल्यामुळे माझ्या पुढच्या टायरची आतली कड आठ हजार किलोमीटरमध्ये गुळगुळीत झाली होती.

पोलो कपच्या गाड्या ट्रॅकवर पळतात. तिथे खचलेला पॅच नसतो, स्प्रिंग कितीतरी कडक असतात आणि शॉकअप त्यांच्याच मापाचे. रॅलीच्या कच्च्या रस्त्यावर हीच पोलो उंच असते, कारण तिथे चाकाला वरखाली व्हायला जागा लागते. आपले घाट दोन्हींपैकी कशाच्या जवळचे आहेत ते तुम्हीच ठरवा. भावाला मी हे तीनदा समजावलं, टाय दाखवायला घरी बोलावलं, तो आला नाही.

तुमच्या गाडीचं वय बघता आधी शॉकअप आणि लोअर आर्मचे बुश तपासा. थकलेले शॉकअप बदलले की झुकण्याची अर्धी तक्रार तिथेच मिटते. मग टायर. 185/60 आर15 मध्येच चांगल्या पकडीचे घ्या, किंवा 195/55. मी पुढे एवढंच केलं आणि करूळचं तेच वळण माझी गाडी तशाच वेगात रेषेवर घ्यायची. त्यानंतरही खाली करायचीच असेल तर 25 मिमीच्या पलीकडे जाऊ नका, आणि स्प्रिंगसोबत तिच्या मापाचे आखूड शॉकअप घ्या. नुसती स्प्रिंग नको. कॉइलओव्हर चांगलेच, पण उंची कमी करता येते म्हणून लोक तळाला नेऊन ठेवतात आणि परत तीच गत होते. स्प्रिंग बसल्यावर महिनाभराने अलाइनमेंट पुन्हा करा, हेडलाइटचा झोतही बघून घ्या.

एक राहिलं. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार कंपनीच्या मूळ रचनेत मनाने बदल चालत नाही आणि 182 अ खाली प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड किंवा कैदही होऊ शकते. विमा कंपनीला लेखी कळवल्याशिवाय काहीही बसवू नका. आणि इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा स्पीडब्रेकर 10 सेंटीमीटर उंच असतो, आपल्या गावांतले कुठल्याच मापाचे नसतात. चौघं बसून इंजिनखालचं ऑइल चेंबर घासलं की मग कुठल्याही वळणाची मजा राहत नाही.

केबल टाय दोन रुपयाला मिळतो. आधी तो बांधा, घाट उतरून या आणि बंप स्टॉपपर्यंत किती मिमी उरले ते लिहा. स्प्रिंग कोणती ते त्यानंतर सांगतो.