बुरशी लागलेली रेकॉर्ड आणि फुटलेला बँड

प्रश्न: हणजूणच्या बुधवारच्या बाजारात इन्क्रेडिबल स्ट्रिंग बँड या स्कॉटिश लोकसंगीताच्या बँडची १९६८ ची रेकॉर्ड मिळाली, 'द हँगमन्स ब्युटिफुल डॉटर'. बुरशी होती, पण वाजली. त्यातलं ते तेरा मिनिटांचं गाणं ऐकून वेडच लागलंय. बँड १९७४ लाच फुटला म्हणे, मग ही मंडळी पुढे काय वाजवत होती? पुढचं काय ऐकू? (एक वाचक, फोंडा)

उत्तर: फोंडेकर, आधी ती बुरशी काढा हो. आपल्याकडच्या पावसात कपाटातल्या चपला हिरव्या होतात तिथे रेकॉर्डचं काय! डिस्टिल्ड वॉटरमध्ये लिक्विड सोपचे दोन थेंब, मऊ फडकं, खाचांच्या दिशेने गोल गोल पुसायचं, मधल्या लेबलला पाणी लावू नका.

ते लांबलचक गाणं बँडमधल्या माइक हेरॉनचं. चाल सारखी बदलते आणि मध्येच बहामाचं एक भक्तिगीत येतं, सगळे मिळून गातात, अगदी आपल्या भजनात गजर चढतो तसं. बँड फुटल्यावर माइक बराचसा रॉककडे वळला. तसं बँड चालू असतानाच १९७१ ला त्याने स्वतःचा अल्बम काढला होता, त्यात व्हेल्व्हेट अंडरग्राउंड या बँडमधला जॉन केल पण आहे. चांगला आहे, पण तुम्हाला जे आवडलंय ते त्यात कमीच.

बँडमधला दुसरा, रॉबिन विल्यमसन, अमेरिकेत गेला, 'मेरी बँड' नावाचा नवा बँड काढला, हार्प धरली आणि गोष्टी सांगायला लागला, आपल्या कीर्तनकारासारखा, म्हणजे बोलता बोलता गाणार आणि गाता गाता बोलणार. नंतर ईसीएम या रेकॉर्ड कंपनीसाठी त्याने 'द सीड-ॲट-झिरो' (२०००) केला, त्यात वेल्सचा कवी डिलन थॉमस याच्या कविता आहेत. मला हा फार आवडतो, पण पहिल्यांदा ऐकाल तर कंटाळाल, खरं सांगतो.

माझं ऐकाल तर क्लाइव्ह पामरपासून सुरू करा. हा तिसरा भिडू, १९६६ चा पहिला अल्बम झाला की बँड सोडून सरळ अफगाणिस्तान-भारताच्या वाटेला लागला, त्यामुळे त्याला कोणी मोजतच नाही. पण परत जाऊन त्याने सी.ओ.बी. (क्लाइव्हज ओरिजिनल बँड) हा स्वतःचा बँड काढला आणि १९७१-७२ मध्ये दोन अल्बम केले. त्यात डल्सिटार नावाचं घरीच जुळवलेलं वाद्य आहे, ते मागे तंबोऱ्यासारखं धरून राहतं आणि वर क्लाइव्हचा थकलेला, जरा फाटका आवाज. आधी 'स्पिरिट ऑफ लव्ह' ऐका. ओरिजिनल रेकॉर्ड कुणी दाखवली तर भाव विचारून हळूच जागेवर ठेवा, नंतर परत निघालेली कॉपी पुरते.