वाचक विचारतात : वैशाखी

प्रश्न : वैशाखी हा पंजाबातील गव्हाच्या सुगीचा सण आहे, असे वाचले होते. मग शीख समाजात त्याला एवढे धार्मिक महत्त्व कशामुळे आले?

उत्तर : दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. साधारणपणे १३ किंवा १४ एप्रिलला येणारा हा सण सुगीचा आहेच. परंतु १६९९ साली याच दिवशी गुरू गोविंदसिंगांनी आनंदपूर साहिब येथे खालसा पंथाची, म्हणजे दीक्षा घेतलेल्या शिखांच्या समुदायाची, स्थापना केली. परंपरा सांगते की, भर मेळाव्यात हाती तलवार घेऊन गुरूंनी शिर मागितले, तेव्हा एकामागून एक पाच जण उठले आणि तेच ‘पंज प्यारे’, म्हणजे पाच प्रिय, ठरले. त्यांच्यातले भाई साहिबसिंग आपल्या शेजारच्या बिदरचे, हे मराठी वाचकांना सहसा ठाऊक नसते. लोखंडी पात्रातील पाण्यात बत्तासे घालून, गुरुबाणीचे (शीख गुरूंच्या पवित्र रचनांचे) पठण करीत ते दुधारी खंड्याने ढवळून गुरूंनी या पाचांना ते अमृत म्हणून देऊन दीक्षा दिली आणि नंतर स्वतःही त्यांच्याच हातून ते घेतले. माझ्या मते या दिवसाचे खरे मर्म या उलट्या दीक्षेत आहे. आजही गुरुद्वारांत या दिवशी अमृतसंस्कार होतो, निशाण साहिबचे (गुरुद्वाराच्या ध्वजाचे) वस्त्र बदलतात, नगरकीर्तन (भजने गात जाणारी मिरवणूक) निघते आणि लंगर, म्हणजे सर्वांसाठीचे सामुदायिक भोजनही, अर्थातच असते.